‘नो सूनर’ने सुरू होणारे इंग्रजी वाक्य न चुकता कसे लिहावे

दहावी-बारावीच्या इंग्रजीच्या उत्तरपत्रिकांत एक वाक्य वेगवेगळ्या हस्ताक्षरांत पुन्हा पुन्हा भेटते: ‘नो सूनर द बस स्टॉप्ड व्हेन द पॅसेंजर्स रश्ड टु द डोअर.’ सांगायचे असते ते एवढेच, की बस थांबताच प्रवासी दाराकडे धावले. प्रश्नात ‘ॲज सून ॲज’ काढून ‘नो सूनर’ वापरण्याची सूचना असते आणि विद्यार्थी अक्षरशः तेवढेच करतो. एक शब्दसमूह काढतो आणि त्याच जागी दुसरा चिकटवतो. या वाक्यात दोन चुका आहेत. शिकवणीच्या वर्गांत त्यांवर ‘डिड लावा, दॅन लावा’ असा तोडगा सांगितला जातो आणि परीक्षेपुरता तो चालतोही; परंतु या शब्दसमूहाचा अर्थ काय, ‘दॅन’ तिथे कशासाठी आले आणि ‘डिड’ कर्त्याच्या आधी का गेले हे कळल्याशिवाय स्वतःचे वाक्य स्वतः रचता येत नाही. म्हणून सुरुवात अर्थापासून करावी.

नकार नेमका कशाला लागतो

‘नो’ हा शब्द दिसला की काहीतरी घडले नाही, असे मराठी वाचकाला वाटते. ‘नो सूनर डिड द बस स्टॉप’ हे शब्द वाचून बस थांबलीच नाही असा अर्थ लावणारे विद्यार्थी असतात, आणि त्यांची शंका अजिबात खुळी नाही. बस मात्र थांबलेली आहे. इथला नकार थांबण्याच्या क्रियेला लागत नसून ‘सूनर’ या शब्दाला, म्हणजे ‘अधिक लवकर’ या तुलनेला लागतो. ‘सून’ म्हणजे लवकर, ‘सूनर’ म्हणजे त्याहून लवकर आणि ‘दॅन’ म्हणजे पेक्षा. हे सगळे एकत्र केले की अर्थ निघतो तो असा: प्रवासी धावले त्यापेक्षा बस काही अधिक लवकर थांबली नव्हती. बस आधी थांबली आणि लोक मग धावले हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक असते, पण मधला क्षण त्याला पुसून टाकायचा असतो आणि त्यासाठी तो ही अतिशयोक्ती करतो.

हीच करामत मराठीत वेगळ्या वाटेने साधली जाते. ‘बस थांबते न थांबते तोच लोक धावले’ या वाक्यातही ‘न’ आहे आणि तो वाचून बस थांबली नाही असे कोणीही समजत नाही. मराठी वाक्य क्रियेच्या उंबरठ्यावर उभे राहते. थांबली म्हणावे तर बस अजून पुरती थांबलेली नाही, आणि तेवढ्यात पुढची गोष्ट घडून जाते. इंग्रजी वाक्य दोन क्रियांची शर्यत लावते आणि पहिली क्रिया पुढे गेली नाही असे सांगते. घाई दाखवण्यासाठी दोन्ही भाषांना नकाराचाच आधार घ्यावासा वाटला, याची मला नेहमी गंमत वाटत आली आहे. ‘नो सूनर’चा सर्वांत जवळचा मराठी अर्थ म्हणूनच नुसता ‘थांबताच’ हा नाही, तर ‘थांबते न थांबते तोच’ हा आहे.

परंतु पहिली चूक होते ती नेमकी या ‘तोच’पाशी. ‘तोच’ किंवा ‘तेवढ्यात’ हे शब्द वेळ दाखवतात, त्यामुळे मनात मराठी वाक्य घोळवत लिहिणाऱ्याचा हात आपोआप ‘व्हेन’कडे जातो. इंग्रजीत ‘सूनर’ हे तुलनेचे रूप एकदा आले की त्याची जोडी ‘दॅन’शीच जमते, ‘टॉलर’नंतर, ‘बेटर’नंतर किंवा ‘मोअर’नंतर जसे दॅन येते तसेच. ‘माझा भाऊ माझ्याहून उंच’ हे इंग्रजीत सांगताना कोणी ‘टॉलर व्हेन’ म्हणत नाही. लिहिताना मनात ‘पेक्षा’ हा शब्द धरून ठेवला की ही चूक सहसा होत नाही. एक बारीक गोष्ट मात्र सांभाळावी लागते. आपल्या उच्चारात ‘दॅन’ आणि ‘देन’ जवळजवळ सारखेच होतात आणि घाईत एकाच्या जागी दुसरे लिहिले जाते. ‘पेक्षा’ या अर्थाच्या शब्दात तिसरे अक्षर ‘ए’ आहे. ‘नंतर’ या अर्थाच्या शब्दात तिथे ‘ई’ आहे. अर्थ बरोबर कळूनही या एका अक्षरासाठी गुण गेलेले मी पाहिले आहेत.

जाता जाता सांगण्यासारखे असे, की जुन्या इंग्रजीत ‘सून’ या शब्दाचा अर्थ ‘ताबडतोब’ असा होता आणि पुढे तो सैल होत ‘थोड्या वेळाने’ इथपर्यंत आला. ‘आत्ता आलो’ म्हणून अर्ध्या तासाने उगवणाऱ्यांच्या भाषेला यात नवल वाटू नये.

प्रश्न विचारा आणि प्रश्नचिन्ह पुसा

दुसरी चूक शब्दांच्या क्रमाची आहे. मराठीत ‘कधीच मी असा पाऊस पाहिला नाही’ आणि ‘मी असा पाऊस कधीच पाहिला नाही’ ही दोन्ही वाक्ये चालतात, शब्द पुढेमागे झाले तरी क्रियापदाच्या रूपाला धक्का लागत नाही. इंग्रजीत मात्र नकारार्थी क्रियाविशेषण वाक्याच्या सुरुवातीला आणून ठेवले, की साहाय्यक क्रियापद कर्त्याच्या आधी जाते. ‘नेव्हर’, ‘सेल्डम’, ‘हार्डली’, ‘नॉट ओन्ली’ या सगळ्यांनी सुरू होणाऱ्या वाक्यांत हेच घडते; ‘आय हॅव नेव्हर सीन’ हे ‘नेव्हर हॅव आय सीन’ असे होते. ‘नो सूनर’ याच कुळातले आहे.

हा क्रम नव्याने शिकण्याची गरज नाही, कारण तो आपण पाचवी-सहावीतच प्रश्नार्थक वाक्ये करताना शिकलेलो असतो. पहिल्या क्रियेचे वाक्य घ्यावे, त्याचा हो-नाही उत्तराचा प्रश्न करावा, प्रश्नचिन्ह पुसावे आणि आधी ‘नो सूनर’ जोडावे. ‘द बस स्टॉप्ड’ याचा प्रश्न होतो ‘डिड द बस स्टॉप?’ त्यावरून ‘नो सूनर डिड द बस स्टॉप’ हा भाग तयार झाला. आता ‘दॅन’ लिहावे आणि दुसरे वाक्य जसेच्या तसे पुढे ठेवावे: ‘नो सूनर डिड द बस स्टॉप दॅन द पॅसेंजर्स रश्ड टु द डोअर.’ ‘डिड’ आल्यावर ‘स्टॉप्ड’चे ‘स्टॉप’ का झाले, हा प्रश्न मग वेगळा उरत नाही, कारण प्रश्न करताना आपण ते रूप नकळत बदललेलेच असते.

या युक्तीचा खरा फायदा अवघड क्रियापदांच्या वेळी कळतो. निकाल जाहीर होताच फोन वाजू लागले, हे वाक्य घेऊ. ‘द रिझल्ट वॉज डिक्लेअर्ड’ याचा प्रश्न ‘वॉज द रिझल्ट डिक्लेअर्ड?’ असा होतो, त्यात ‘डिड’ कुठेच येत नाही. तेव्हा ‘नो सूनर वॉज द रिझल्ट डिक्लेअर्ड दॅन द फोन्स बिगॅन टु रिंग’ हे बरोबर. ‘डिड लावा’ एवढाच मंत्र पाठ असलेला विद्यार्थी इथे ‘डिड द रिझल्ट बी डिक्लेअर्ड’ असे लिहून बसतो. नेहमी घडणाऱ्या गोष्टीसाठी वर्तमानकाळही चालतो आणि तिथे ‘डझ’ किंवा ‘डू’ येते: ‘नो सूनर डझ द ट्रेन स्टॉप ॲट दादर दॅन हंड्रेड्स ऑफ पीपल पुश देअर वे इन.’ कर्ता लांबलचक असला तरी साहाय्यक क्रियापद संपूर्ण कर्त्याच्या आधी जाते, मध्येच शिरत नाही. ‘नो सूनर डिड द चिल्ड्रन ऑफ द लेन सी द काइट’ असे म्हणावे लागते.

दुसऱ्या भागाचा क्रम मात्र मुळीच बदलू नये. एकदा उलटा क्रम करायचा हे कळल्याच्या उत्साहात काही जण ‘दॅन डिड द पॅसेंजर्स रश’ असेही लिहितात. नकाराची ओढ फक्त त्याच्या स्वतःच्या उपवाक्यापुरती असते, ‘दॅन’ ओलांडून ती पलीकडे जात नाही.

परीक्षेत आणखी एक सापळा असतो. मूळ वाक्यात ‘ॲज सून ॲज’चा भाग शेवटी दिलेला असतो: ‘द चिल्ड्रन रॅन आउट ॲज सून ॲज दे सॉ द काइट.’ इथे आधी घडलेली गोष्ट पतंग दिसणे ही आहे, धावणे नव्हे. म्हणून ‘नो सूनर’ पतंग दिसण्याच्या भागाला लागले पाहिजे. शिवाय तो भाग पुढे आल्यावर नाम आणि सर्वनाम यांची अदलाबदल करावी लागते, नाहीतर ‘दे’ म्हणजे कोण हे वाचणाऱ्याला उशिरा कळते. ‘नो सूनर डिड द चिल्ड्रन सी द काइट दॅन दे रॅन आउट’ असे वाक्य व्हायला हवे.

‘डिड’ की ‘हॅड’

यावर शिक्षकांचे आपापसांत वाद झालेले ऐकले आहेत आणि दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर असतात. ‘नो सूनर डिड द बस स्टॉप’ आणि ‘नो सूनर हॅड द बस स्टॉप्ड’ ही दोन्ही रूपे शुद्ध आहेत. इंग्रजी गद्यात ‘हॅड’ अधिक भेटते, कारण दोन भूतकालीन क्रियांपैकी आधी पूर्ण झालेली क्रिया दाखवण्यासाठी पूर्ण भूतकाळ हेच त्या भाषेतले नेहमीचे साधन आहे. आपल्याकडच्या वर्गांत ‘डिड’ रुळले ते वाक्यरूपांतराच्या प्रश्नामुळे. मूळ वाक्य साध्या भूतकाळात दिलेले असेल तर काळ न बदलता रूपांतर करायचे असते आणि ‘डिड’ने काळ तोच राहतो. म्हणून परीक्षेत मूळ वाक्याचा काळ पाहावा आणि त्याप्रमाणे चालावे. स्वतःचे लिहिताना, पहिली क्रिया पूर्ण व्हायला वेळ लागणारी असेल तर मी ‘हॅड’ सुचवीन. पत्र लिहून पुरे झाले होते, जेवण आटोपले होते, घर सोडले होते, अशा ठिकाणी ‘हॅड’चा पूर्णतेचा भाव उपयोगी पडतो. दार उघडले, दिवा लागला, नाव पुकारले, अशा क्षणात संपणाऱ्या क्रियांना ‘डिड’ पुरते.

‘हॅड’ वापरले की क्रियापदाचे तिसरे रूप हवे. ‘हॅड ही वेन्ट’ हे चूक, ‘हॅड ही गॉन’ हे बरोबर. ‘दॅन’नंतर मात्र साधा भूतकाळच ठेवावा: ‘नो सूनर हॅड शी फिनिश्ड द लेटर दॅन द लाइट्स वेन्ट आउट.’ दोन्हीकडे ‘हॅड’ घातले तर आधी काय आणि नंतर काय हा भेदच नाहीसा होतो.

खरी गोची होते ती ‘हॅड’ हेच मुख्य क्रियापद असते तेव्हा. ‘ॲज सून ॲज वी हॅड अवर लंच, वी लेफ्ट’ या वाक्यातले ‘हॅड’ म्हणजे जेवलो. ते साहाय्यक नाही. ते दिसताच कर्त्याच्या आधी ढकलले तर ‘नो सूनर हॅड वी अवर लंच’ असे विचित्र वाक्य तयार होते. प्रश्नाची युक्ती इथेही वाचवते. ‘आपण जेवलो का?’ हे इंग्रजीत ‘डिड वी हॅव अवर लंच?’ असे होते, म्हणून ‘नो सूनर डिड वी हॅव अवर लंच दॅन वी लेफ्ट’ हे बरोबर ठरते. पूर्ण भूतकाळच हवा असेल तर ‘नो सूनर हॅड वी हॅड अवर लंच’ असे दोन ‘हॅड’ एकाच वाक्यात येतील. दिसायला ते छापण्यातली चूक वाटते, पण व्याकरणाने निर्दोष आहे.

मराठीतून इंग्रजीत आणताना कर्ता शोधा

व्याकरणाच्या पुस्तकांत ज्याचा उल्लेख क्वचित सापडतो असा एक अडथळा मराठी भाषकांना हमखास लागतो. ‘येताच’, ‘पाहताच’, ‘ऐकताच’ या रूपांना कर्ता सोबत बाळगण्याची सक्ती नसते. ‘घरी पोहोचताच फोन वाजला’ या वाक्यात घरी कोण पोहोचले ते लिहिलेले नाही आणि मराठीला त्याची गरजही भासत नाही. इंग्रजीत ‘नो सूनर’च्या पुढे पूर्ण वाक्य यावे लागते, म्हणून तो ‘मी’ आपल्याला शोधून आणावा लागतो: ‘नो सूनर हॅड आय रीच्ड होम दॅन द फोन रँग.’ शोध न घेता शब्दाला शब्द ठेवत गेले तर फोनच घरी पोहोचल्यासारखे वाक्य होते.

‘पोलीस दिसताच चोर पळाला’ हे याहून कठीण आहे. मराठीत इथे ‘पोलीस’ हा कर्त्याच्या जागी आहे, पण पाहणारा चोर आहे. ‘दिसणे’ या क्रियापदाला साजेसे सोपे क्रियापद इंग्रजीत नाही. तिथे ‘सी’ वापरून पाहणाऱ्यालाच कर्ता करावे लागते. त्यामुळे ‘नो सूनर डिड द थीफ सी द पोलीस दॅन ही रॅन अवे’ अशी मांडणी होते. ‘नाव ऐकताच तिच्या डोळ्यांत पाणी आले’ या वाक्यातही तसेच. ऐकणारी ती आहे हे ‘तिच्या’ या शब्दावरून ओळखावे आणि ‘नो सूनर डिड शी हिअर द नेम दॅन हर आइज फिल्ड विथ टिअर्स’ असे लिहावे. भाषांतराला बसण्यापूर्वी ‘-ताच’ लागलेली क्रिया कोणी केली, हा प्रश्न स्वतःला विचारण्याची सवय लावून घ्यावी. ‘पाऊस सुरू होताच दिवे गेले’ यासारख्या वाक्यात कर्ता आधीच समोर उभा असल्याने काही शोधावे लागत नाही.

कुठे वापरू नये

‘-ताच’ दिसले की ‘नो सूनर’ आणलेच पाहिजे असे नाही. कार्यालयीन पत्रांत ‘कागदपत्रे मिळताच कळवावे’ किंवा ‘अर्ज प्राप्त होताच कार्यवाही केली जाईल’ अशी वाक्ये येतात. पहिले वाक्य विनंतीचे, दुसरे भविष्यातले. ‘नो सूनर’ हे मुख्यतः घडून गेलेली किंवा नेहमी घडणारी गोष्ट सांगण्याचे साधन आहे; आज्ञा, विनंती, आश्वासन आणि पुढचा बेत यांसाठी ‘ॲज सून ॲज’च योग्य. तिथेही पहिल्या भागात ‘विल’ लिहू नये. ‘ॲज सून ॲज द ॲप्लिकेशन इज रिसीव्ह्ड, ॲक्शन विल बी टेकन’ हे बरोबर. ‘विल बी रिसीव्ह्ड’ हे नाही.

दुसरी मर्यादा शैलीची आहे. या रचनेत एक नाट्य आहे, काहीतरी अचानक किंवा अपेक्षेपेक्षा लवकर घडल्याची चाहूल आहे. ‘दात घासून होताच मी चहा प्यायलो’ यात तसे काही नाही, म्हणून तिथे ‘नो सूनर’ लिहिले तर किरकोळ गोष्टीला ढोल वाजवल्यासारखे होते. इंग्रजी बोलणारे लोकही रोजच्या गप्पांत ‘ॲज सून ॲज’ किंवा ‘द मोमेंट’ म्हणतात; ‘नो सूनर’ हा लिखाणातला आणि गोष्ट रंगवून सांगण्यातला शब्द आहे. एका निबंधात तो एकदा यावा. दुसऱ्यांदा आला की परीक्षकाला पाठांतराचा वास येतो.

उलटा क्रम टाळायचा असेल तर एक सोपी वाट आहे आणि ती शाळेत फारशी दाखवली जात नाही. ‘नो सूनर’ वाक्याच्या सुरुवातीला न ठेवता आत ठेवावे: ‘द ट्रेन हॅड नो सूनर लेफ्ट कल्याण दॅन इट स्टॉप्ड अगेन.’ नकार सुरुवातीला नसल्याने कर्ता आपल्या जागी राहतो, ‘दॅन’ मात्र तसेच राहते. वाक्य थोडे शांत होते, आणि मला तर ते अधिक आवडते. रूपांतराच्या प्रश्नात ‘नो सूनरने सुरुवात करा’ अशी सूचना असेल तर अर्थात हा मार्ग बंद होतो.

शेजारी आणि तोतये

‘हार्डली’ आणि ‘स्केअर्सली’ ही जवळची भावंडे आहेत. त्यांचा अर्थ ‘जेमतेम’ असा होतो. त्यांत तुलना नाही. बस जेमतेम थांबली होती, तेवढ्यात लोक धावले. तुलना नाही म्हणून ‘दॅन’ नाही, आणि ‘तेवढ्यात’ आहे म्हणून ‘व्हेन’ किंवा ‘बिफोर’ येते: ‘हार्डली हॅड द बस स्टॉप्ड व्हेन द पॅसेंजर्स रश्ड टु द डोअर.’ या दोघांसोबत बहुधा ‘हॅड’च वापरले जाते. ‘हार्डली’नंतर ‘दॅन’ लिहिणारे इंग्रज लेखकही सापडतात, पण त्यांचा दाखला परीक्षकासमोर चालत नाही.

‘नो सूनर दॅन मंडे’ यात शब्द तेच आहेत, पण मध्ये कर्ता-क्रियापद नाही आणि अर्थ निराळा आहे. ‘द वर्क विल बी डन नो सूनर दॅन मंडे’ म्हणजे काम सोमवारच्या आधी होणार नाही. घाईचा मागमूसही त्यात नाही, उलट ‘थांबा’ असे सांगणे आहे. ‘आय वुड सूनर वॉक’ यात ‘सूनर’ वेळेचे उरतच नाही, ‘त्यापेक्षा मी चालत जाईन’ अशी पसंती ते सांगते.

‘नो सूनर सेड दॅन डन’ हा तर साचाच झाला आहे. त्यात कर्ता नाही, ‘हॅड’ नाही, आणि घालण्याचा प्रयत्नही करू नये. आहे तसा तो वापरायचा. आजीने म्हणायचा अवकाश, की नातवाने विहिरीवरून पाणी आणलेच, असे जेव्हा सांगायचे असेल तेव्हा त्या ‘अवकाश’च्या जागी तो नेमका बसतो.